बॅकअप आहे, पण तो परत आणता येतो का?

२६ सप्टेंबर २०२५ला दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘जी-ड्राइव्ह’वरचा ८५८ टेराबाइट डेटा जळाला. दुसरीकडे त्याची कॉपीच नव्हती.

मग लांब कुठेतरी कॉपी ठेवली की झालं? तेवढ्यानेही भागत नाही. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेस उडाला. क्लाउडवरचा बॅकअप शोधला, तर तिथे काहीच नाही! व्हर्जन जुळत नसल्याने बॅकअप फेल होत होता आणि ते कळवणारे ईमेलही पोहोचत नव्हते. टेस्टिंगसाठी काढलेली सहा तासांपूर्वीची एक कॉपी सापडली म्हणून निभावलं.

तुमच्यापैकी काही जण आता घरच्या जुन्या लॅपटॉपवर इमिच टाकून फोटो ठेवतात. त्यांना मी दोन गोष्टी सांगेन. इमिचमध्ये फोटो फोल्डरमध्ये असतात, पण अल्बम आणि चेहऱ्यांना दिलेली नावं डेटाबेसमध्ये. त्यामुळे बॅकअप दोन्हींचा हवा. दुसरं, रेस्टिकसारखं टूल बॅकअपला पासवर्डचं कुलूप लावतं. तो पासवर्ड फक्त सर्व्हरवरच असेल, तर सर्व्हरसोबत बॅकअपही गेला समजा. कागदावर लिहून ठेवा.

आणि मी स्वतः पाळतो तो नियम: दर तीन महिन्यांनी दुसऱ्या मशीनवर सगळं रिस्टोअर करून बघायचं. फोटो उघडले, अल्बम दिसले, तरच मी त्याला बॅकअप म्हणतो.