कमान नको, खोल्या काढा

गेल्या आठवड्यात अहमदपूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला. एका देवस्थानाला कमान बांधायची आहे. थ्रीडी चित्र, खाली क्यूआर कोड. मी पैसे पाठवले नाहीत. "पुण्यात जाऊन लई शहाणा झालास," असं एका काकांनी लिहिलं. तर काका, हे घ्या उत्तर.

लातूर-मुंबई गाडीनं आपण सगळेच जातो. दौंड गेल्यावर केडगाव येतं तेव्हा आपण घोरत असतो. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात बाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या, त्यांना निवारा बांधला. चर्चचा पाया घातला १८९९ मध्ये. राणी व्हिक्टोरिया तेव्हा हयात होती, म्हणजे हेही व्हिक्टोरियनच की! पण वास्तुकलेवर बोलायचं म्हटलं की आपण कुलाब्याचं अफगाण चर्च दाखवतो. ते युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १८५८ मध्ये उभं राहिलं आणि त्याचा मनोरा त्यानंतर काही वर्षांनी चढला. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण केडगावला आधी निवारा आणि मग चर्च, हा क्रमसुद्धा डिझाइनच आहे.

धर्मांतराचं काय, असं तुम्ही विचारणारच. रमाबाईंवर तेव्हाही त्यावरून टीका झाली. जरूर भांडा. पण त्या मुलींना दार आधी कुणी उघडलं?

इंग्लंडात चर्चला लागून गरीब म्हाताऱ्यांसाठी छोट्या घरांची ओळ असायची, ज्याला त्याला आपापलं दार. जर्मनीत आउग्सबुर्गला १५२१ मधली अशी वस्ती अजून चालू आहे. अंधारात आपलं दार हाताला कळावं म्हणून तिथे घंटेच्या मुठी वेगवेगळ्या आकाराच्या आहेत. याला म्हणतात युजरचा विचार! आपल्याकडे वृद्धाश्रम म्हणजे बहुतेकदा एक हॉल आणि खाटांची रांग.

आपल्या तालुक्यात पोरं-सुना ऊसतोडीला जातात, आमच्यासारखे हिंजवडीला. मागे म्हातारी माणसं उरतात. कमानीखालून ती नेमकी कुठं जाणार?

काका, कमानीऐवजी देवळाच्या मागच्या मोकळ्या जागेत चार खोल्या काढा. प्रत्येकीला न्हाणी, दाराला आतून कडी. एस्टिमेट पाठवा. क्यूआर कोड आहेच माझ्याकडे.