कारल्याचा रस आणि अम्मींची गोळी

गेल्या रमजानआधी आमच्या अम्मींनी मधुमेहाची गोळी परस्पर बंद केली. कुणीतरी सांगितले होते, पहाटे अर्धा पेला कारल्याचा रस घ्या, साखर पळते. पंधरा दिवसांनी उपाशीपोटी साखर निघाली २६०. शाळेत आम्ही 'मोठ्यांचे ऐका' म्हणून शिकवतो. घरी मात्र हुज्जत घालावी लागली.

कारल्यात गुण नाही असे नव्हे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थायलंडमधील चाचणीत रोज २००० मिलिग्रॅम कारल्याचा परिणाम दिसला, पण तो १००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिनपेक्षा कमीच. म्हणजे गोळीची जागा तो घेत नाही.

गोळी किंवा इन्सुलिनवर भरीला रस घेतला, तर साखर फार खाली जाऊ शकते, रोज्यात तर जास्तच. घाम सुटला, हात थरथरले की लगेच तपासा. बोट टोचल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली असेल तर मात्र रोजा सोडायचाच. गरोदर बहिणींनी रस टाळावा.

अम्मी आता गोळी घेतात. कारले-कीमा आठवड्याला होतोच. कारल्याला मीठ चोळून पिळायचे काम आमच्याकडे.