कूलर लावला, पण टाकी कोणी घासली?

काठीची राजवाडी होळी झाली की आपल्या जिल्ह्यात उन्हाळा खऱ्या अर्थाने सुरू होतो. आखाजीपर्यंत पारा चाळिशी ओलांडतो आणि घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. हप्त्यांवर मिळू लागल्यापासून नंदुरबार, शहादा, नवापूरसारख्या गावांत एसीचीही आता पूर्वीसारखी अपूर्वाई उरलेली नाही. यात चैन आहे असे मी म्हणणार नाही. वृद्ध, तान्ही मुले, हृदयविकाराचे व मधुमेहाचे रुग्ण यांच्या जिवावर उन्हाळा बेततो. शेजारच्या अहमदाबाद शहरात मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. त्यातून धडा घेऊन २०१३ साली त्या शहराने उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला. हवा चाळीस अंशांपुढे गेली की नुसता पंखा अंगावर गरम वाराच फेकतो. तेव्हा घर थंड ठेवणे हा आरोग्याचाच भाग झाला.

माझा आक्षेप वेगळा आहे. यंत्र घेताना आपण चार दुकाने फिरतो, घासाघीस करतो. मात्र ते एकदा खिडकीत बसले की बंद पडेपर्यंत त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. निगा न राखलेले यंत्र आधी विजेचे बिल वाढवते आणि पाठोपाठ आजार घरात आणते.

प्रथम कूलर. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला घाण गटार लागत नाही. त्याला घरातले साठलेले स्वच्छ पाणी आवडते आणि कूलरची टाकी म्हणजे त्याचे हक्काचे घर. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या भिंतीला चिकटवून. ही अंडी कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात व पाणी लागताच उबतात. म्हणून नुसते पाणी बदलून भागत नाही. टाकीच्या कडा काथ्याने किंवा ब्रशने घासल्याच पाहिजेत. उन्हाळ्यात अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण ८ ते १० दिवस लागतात. आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते, त्यामागचा हिशेब हाच आहे.

पाणीटंचाईत टाकी ओतून द्यायची कशी, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्त आहे. मात्र ते पाणी वाया जात नाही. गटारात न ओतता झाडांना किंवा कोरड्या मातीवर घाला. झाडे जगतील आणि अळ्या मरतील. बोअरच्या जड पाण्याने जाळीवर क्षारांचा थर बसतो, वारा कोंडतो आणि मोटार तापते. त्यामुळे जाळीतले गवत किंवा वाळा दरवर्षी बदलावा.

पाऊस सुरू झाल्यावर तर अधिक सावध राहावे. दमट हवेत कूलर थंडावा देत नाही, म्हणून तो बंद होतो. पण टाकीत पाणी तसेच राहते किंवा पावसाने भरते. नेमक्या याच दिवसांत डेंग्यू वाढतो. हंगाम संपताच टाकी घासून, पुसून, उन्हात वाळवून मगच कूलर माळ्यावर ठेवावा. शाळा, बँका व सरकारी कार्यालयांतील कूलरकडे सुट्ट्यांत कोण पाहतो? नगरपालिकेने घरांइतकीच तेथेही तपासणी केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ताप आलाच तर तो अंगावर काढू नये. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. डेंग्यू असल्यास त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

दुसरा धोका शॉकचा. पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पाय यांचा मेळ प्राणघातक ठरू शकतो. अर्थिंग असलेला तीन पिनांचा प्लग हवाच. घरात ३० मिलिअँपिअरचे, गळती होताच वीज तोडणारे उपकरण बसवलेले उत्तम. पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लगही काढावा आणि हे काम मुलांना सांगू नये. भाड्याच्या घरात अर्थिंग करून देणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे.

कूलर आणि एसी यांची रीत एकमेकांच्या उलट आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो. म्हणून समोरची खिडकी उघडी हवी. दार-खिडकी लावून घेतली तर खोलीत नुसती दमट उकाडी साचते. एसी मात्र खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो. त्याला खोली बंद लागते.

एसीत धुळीशी गाठ असते. आपल्याकडे वाऱ्यावादळाची धूळ आणि मिरचीच्या हंगामात हवेतला ठसका. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी फिल्टर काढून साध्या पाण्याने धुवावा व सावलीत वाळवावा. पाच मिनिटांचे काम आहे, त्यासाठी मेकॅनिक लागत नाही. तुंबलेल्या फिल्टरने बिल वाढते, आत बुरशी धरते आणि दमेकऱ्याची धाप बळावते. कुबट वास आला तर अत्तर फवारू नये. आतली नळी व पाण्याची ताटली साफ करून घ्यावी. बाहेरच्या युनिटपुढे अडगळ रचू नये.

‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ हाही गैरसमज आहे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळीत फिरत असतो. कमी झाला म्हणजे कोठेतरी गळती आहे. ती बुजवल्याशिवाय भरलेला गॅस म्हणजे फुटक्या घागरीत ओतलेले पाणी.

तापमान १८ वर ठेवण्याचा हव्यास सोडावा. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. २०२० पासून नवे एसी २४ अंशांवरच सुरू होतात ते यासाठीच. २४ ते २६ अंश आणि सोबत मंद पंखा एवढे शरीराला पुरते. सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडून हवा खेळू द्यावी. बंद खोलीत डासांची अगरबत्ती जाळू नये. घरात क्षयाचा किंवा जुनाट खोकल्याचा रुग्ण असेल, तर एसीच्या बंद खोलीत सर्वांनी एकत्र झोपणे टाळावे.

ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नाही, त्यांची संख्या आपल्या जिल्ह्यात फार मोठी आहे. पत्र्यावर पांढरा चुना मारला तरी खोली बरीच निवते. आणि ज्याच्या घरी कूलर आहे, त्याने दुपारच्या वेळी शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला आवर्जून बोलवावे.

बाकी उपाय सोपा आहे. आपल्या गावच्या बाजाराचा दिवस ठरवून टाका. त्या दिवशी पिशवी घेऊन बाहेर पडण्यापूर्वी कूलरची टाकी रिकामी करून घासायची. पुढच्या बाजारापर्यंतची काळजी मिटते.