केरीची वाळू आणि नकाशाचा रंग

पेडणे तालुक्यातील केरी हे गाव नकाशावर बोटाच्या पेराएवढे; परंतु त्या पेराखाली तेरेखोल नदीचे मुख, खवळता समुद्र, वाळूच्या टेकड्या आणि देवचाराच्या जागा एकत्र नांदतात. अशा गावातील एखाद्या सर्व्हे नंबरावरील शेती-बागायतीचा रंग पुसून तेथे वसाहतीचा रंग भरावा, असा अर्ज जेव्हा पणजीच्या कचेरीत जातो, तेव्हा तो एका मालकाचा प्रश्न राहत नाही. तो साऱ्या गावाचा, किंबहुना नदीच्या दोन्ही तीरांचा प्रश्न होतो.

सरकारास मात्र हे मान्य दिसत नाही. प्रादेशिक आराखडा २०११ जनतेच्या उठावापुढे २००७ साली रद्द करावा लागला, तेव्हा राज्यकर्ते काही शिकले असतील असे वाटले होते. ते एवढेच शिकले की, सारा आराखडा एकदम बदलला तर लोक जागे होतात; तुकड्यातुकड्याने बदलला तर झोपेत राहतात! २०१८ साली १६-ब कलम आले, २०२३ साली १७(२) आले. १३ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२) खालील नियम रद्द केले आणि या कलमाचा अर्थही मर्यादित केला. पण त्यापूर्वीच, २०२४ साली, ३९-अ उभे राहिले होते. कलमाचे नाव बदलते, अर्जदाराची भूक बदलत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मोपा विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून तर पेडण्याच्या मातीवर गिधाडांची नजर खिळली आहे.

पर्यावरणावरील परिणाम तपासला, असे कागदावर लिहिणे सोपे आहे. आमचा सवाल असा की, तपासले काय? किनाऱ्यावरील सुरूची झाडे लाटांनी उन्मळून पडताना केरीकरांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. मर्यादवेल ज्या टेकडीला धरून ठेवते, ती टेकडीच गावाचा तट असते. त्या वाळूत पावसाचे गोडे पाणी मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. म्हणून समुद्राच्या कुशीतल्या विहिरीही गोड लागतात. वर पंचवीस बंगले आणि त्यांचे पोहण्याचे हौद आले, पंपांनी उपसा सुरू झाला, की वैशाखात विहीर खारी झालीच म्हणून समजा. खाजनाचे तसेच. ओहोटीला उघडणारी व भरतीला मिटणारी मानस आणि मातीचा बांध यांवर ती शेती उभी असते. खाजनात भराव पडला तर भरतीचे पाणी अन्य वाट शोधणारच. त्याला राज्याची सीमा अडवणार नाही. आरोंदा, सातार्डा येथील वाचकांनीही हे ध्यानी घ्यावे.

आणि संस्कृतीचे काय? एक-चौदाच्या उताऱ्यावर भाटकाराचे नाव असते, कुळाचे असते, देवचाराचे नसते. सातेरीचे वारूळ, ढालोचा मांड, शिगम्याची वाट, राखणदाराला रोट ठेवण्याचा दगड यांना कोणता सर्व्हे नंबर आहे? ज्याची नोंद नाही ते अस्तित्वातच नाही, असे कचेरी मानते. आणि उद्या तेथे लोखंडी फाटक बसले की मांडावर जाणाऱ्या बायकांना पहारेकरी अडवतो. मग आपल्याच देवाकडे जाण्यासाठी परवानगी मागावयाची काय?

कोणी म्हणेल, गावकऱ्यांना घरे नकोत काय? अवश्य हवीत! वाढत्या कुटुंबाने बापाच्या घराशेजारी दोन खोल्या बांधाव्यात, मुंडकाराला त्याचे घर कायम व्हावे, यासाठी आम्ही कोणाशीही भांडू. परंतु वर्षातून पंधरा दिवस उघडणाऱ्या बंगल्यांच्या रांगेला ‘वसाहत’ म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. त्या घरात ना चूल पेटत, ना तुळशीपुढे दिवा लागत.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. रंग बदलण्याचा प्रत्येक अर्ज प्रथम ग्रामसभेपुढे यावा. पणजीच्या राजपत्रात इंग्रजीत छापावयाचे आणि तीस दिवसांत हरकती मागावयाच्या, ही रीत थट्टेची आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या सरकारी वापरासही जागा आहे, तेव्हा सूचना या दोन्ही भाषांत चावडीवर लागावी. विहिरींचे पाणी भर उन्हाळ्यात मोजावे. मांड, देवराई, पाणवठे यांची यादी गावाच्या तोंडून लिहून घ्यावी, आणि कूळ-मुंडकारांचे दावे निकालात निघाल्याखेरीज त्या जमिनीला हात लावू नये. यानंतरही अर्ज टिकला तर टिको. न टिकला तर मुकाट्याने परत जावो.

पेडणेकरांनो, हरकत लिहावयास वकील लागत नाही. आपली विहीर कोठे आहे आणि आपला देव कोठे आहे, एवढे लिहिता आले तरी पुरे. नकाशाचा रंग एका सहीने बदलतो. खारी झालेली विहीर मात्र शंभर सह्यांनीही गोड होत नाही.