गाडी पाठवा, पेट्रोल नको

29-30 नोव्हेंबर 2024 च्या रात्री वाराणसी कँट स्थानकाच्या पार्किंगला आग लागली आणि सुमारे 200 दुचाकी जळून गेल्या. कारण विजेचं शॉर्टसर्किट असल्याचं सांगितलं गेलं. ठिणगी कुठलीही असो, खेटून उभ्या असलेल्या गाड्यांच्या टाक्यांत पेट्रोल असलं की आग एका गाडीपाशी थांबत नाही. रेल्वेच्या पार्सल डब्यात गाड्या याहूनही दाटीने लावतात, शेजारी गोणपाट आणि पुठ्ठ्याची खोकी असतात, आणि डबा बाहेरून बंद असतो. बनारस हिंदू विद्यापीठात शिकणाऱ्या आणि शिक्षण संपल्यावर मोटारसायकल पुण्या-नागपूरला पाठवणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना म्हणून ही विनंती आहे.

टाकी खरोखर रिकामी करा. ‘थोडं राहिलं तर काय होतंय’ हा हिशेब चुकीचा आहे, कारण पेटते ती पेट्रोलची वाफ. पेट्रोल शून्याखाली 40 अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते आणि दूरची ठिणगी गाठते. त्यामुळे गाडी मेकॅनिककडे नेऊन टाकी आणि नळी रिकामी करून घ्या, कार्ब्युरेटर असेल तर तोही. मग झाकण उघडं ठेवून मोकळ्या हवेत टाकी वाळू द्या आणि त्यानंतरच गोणपाट गुंडाळू द्या. स्थानकाबाहेरचा पॅकर ‘कुछ नहीं होगा भैया’ म्हणेल. त्याची मजुरी गोणपाटाची आहे, आगीची जबाबदारी तो घेत नाही. काढलेलं पेट्रोल पाण्याच्या बाटलीत भरून तुम्ही स्वतः डब्यात घेऊन बसू नका. तिथेच मित्राच्या गाडीत ओता.

रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 164 नुसार धोकादायक माल बेकायदा नेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वर झालेलं नुकसानही त्याच्याकडून वसूल होतं. हजार रुपयांचा आकडा वाचून हसू येतं, पण नुकसानभरपाईला तशी मर्यादा नाही.

यात्रेला निघणाऱ्या मंडळींनी तर स्टोव्ह, रॉकेल आणि सिलिंडर घरीच ठेवावेत. 26 ऑगस्ट 2023 ला मदुराईत उत्तर प्रदेशातल्या यात्रेकरूंच्या खासगी डब्यात चोरून आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण गेले. रॉकेल पेट्रोलइतकं तापट नाही, साधारण 35 अंशांपासून वाफ सोडू लागतं. पण बनारसचा मे महिना चाळिशीच्या वर जातो, म्हणजे भर दुपारी डब्यातलं तुमचं रॉकेलही पेटायला तयार असतं.

आता बाटल्या. काशीहून अत्तर धाडायचं असेल तर ते कशात केलंय हे दुकानदाराला आधी विचारा. चंदनतेलावरचं जुन्या पद्धतीचं अत्तर सहजी पेटत नाही. अल्कोहोलवरचा स्प्रे मात्र पेटतो, आणि हवाई मालवाहतुकीत तो ज्वालाग्राही द्रवांच्या वर्ग 3 मध्ये येतो. ज्याची वाफ 60 अंशांपर्यंत पेटू शकते, असा द्रव या वर्गातला. अशा मालाच्या खोक्यावर लाल चौकोन आणि ज्वाळेचं चित्र लागतं. खोकंही किराण्याचं जुनं चालत नाही. चाचणी झालेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर संयुक्त राष्ट्रांची खूण आणि ‘4जी’ असा संकेत छापलेला असतो. आत प्रत्येक बाटली घट्ट बुचाची असावी. ती गळ्यापर्यंत भरू नये, कारण तापल्यावर द्रव फुगतो आणि बूच ढिलं होतं. बाटली फुटली तर सगळं शोषलं जाईल एवढं शोषक साहित्य भोवती भरावं, आणि बाटली कुठल्या बाजूने उभी राहायची ते बाहेर बाणांनी दाखवावं. हे घरी जमणारं काम नाही. धोकादायक मालाची परवानगी असलेल्या वाहतूकदाराकडे जा आणि त्याला मालाचं नाव खरं सांगा. ‘भेटवस्तू’ लिहून सुटका करून घेऊ नका. टपाल खातंही ज्वालाग्राही द्रव घेत नाही.

विमानाने स्वतः परतत असाल तर वापरातलं सेंट नेता येतं: एक बाटली अर्ध्या लिटरपर्यंत, सगळी सौंदर्यप्रसाधनं मिळून दोन लिटर. हातातल्या पिशवीत शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली ठेवू नका. रेल्वेच्या डब्यात पेट्रोलचा किंवा थिनरचा वास आला, तर शेजाऱ्याशी वाद घालत न बसता 139 हा मदत क्रमांक लावा.