एपीचा स्कोअर आधीच कळतो? कॅल्क्युलेटरमागचं गणित काय आहे

पेपर मे महिन्यात आणि निकाल थेट जुलैमध्ये. मधल्या काळात अमेरिकेतल्या बारावीच्या मुलांचा हात सारखा 'एपी स्कोअर कॅल्क्युलेटर'कडे वळतो. किती प्रश्न बरोबर आले ते टाकायचं, स्क्रीनवर 3, 4 किंवा 5 उमटतो. पण या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा?

आधी एपी म्हणजे काय ते पाहू. 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' हे शाळेतच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे विषय. परीक्षा कॉलेज बोर्ड घेतं, गुण 1 ते 5 असे मिळतात. चांगला स्कोअर आला तर कॉलेजमध्ये तो विषय पुन्हा शिकावा लागत नाही, क्रेडिट मिळतं. 2025 मध्ये अमेरिकेत एका पेपरची फी 99 डॉलर होती. कॉलेजच्या एका विषयाची फी साधारणपणे याच्या कितीतरी पट असते, म्हणून ही धडपड.

आता गणित. कॅल्क्युलस एबीची अनेक वर्षं चालत आलेली रचना घ्या. 45 बहुपर्यायी प्रश्न आणि 6 लेखी प्रश्न, प्रत्येकी 9 गुणांचे, म्हणजे 54. दोन्ही भागांना सारखं वजन मिळावं म्हणून बहुपर्यायी गुणांना 1.2 ने गुणतात. एकूण 108. कुणाचे 30 बहुपर्यायी बरोबर आले आणि लेखीत 30 मिळाले, तर 36 अधिक 30, म्हणजे 66.

इथवर सगळं सोपं आहे. घोळ पुढे होतो. समजा एका कॅल्क्युलेटरने 5 साठी 65 ची सीमा धरली आणि दुसऱ्याने 68 ची. त्याच मुलीला एकीकडे 5 दिसेल, दुसरीकडे 4. खरी सीमा दरवर्षी नव्याने ठरते, कॅल्क्युलेटर मात्र जुन्या पेपरांवरून अंदाज बांधतो. शिवाय जेईई मेनसारखी इथे आन्सर की आणि स्वतःची रिस्पॉन्स शीट मिळत नाही. 'बरोबर आले' हाच मुळात अंदाज! लेखी उत्तरं जूनमध्ये शिक्षक आणि प्राध्यापक तपासतात. तोवर मुलं स्वतःच परीक्षक.

पद्धतच बदलली तर? यूएस हिस्टरीत 2023 मध्ये 3 किंवा जास्त मिळवणारे सुमारे 48 टक्के होते. कॉलेज बोर्डाने सीमा ठरवण्याची पद्धत बदलली आणि 2024 मध्ये ते प्रमाण सुमारे 72 टक्क्यांवर गेलं. एका वर्षात मुलं इतकी हुशार झाली असतील, असं मानणं जरा कठीणच. त्या उन्हाळ्यात जुनी सीमा धरणारे कॅल्क्युलेटर मुलांना उगाच घाबरवत होते.

या अंदाजावर निर्णयही होतात. एका कॉलेजला स्कोअर फुकट पाठवायची मुदत असते 20 जून, म्हणजे निकालाच्या आधी. काही मुलं कमी स्कोअरच्या भीतीने ही संधी सोडतात आणि नंतर पैसे भरून स्कोअर पाठवतात.

आणि 5 मिळाला म्हणजे क्रेडिट पक्कं, असंही नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया 3 पासून क्रेडिट देते, पण त्याने पदवीचा नेमका कोणता विषय सुटेल हे कॅम्पस आणि विभाग ठरवतात. डार्टमथने तर पदवीसाठी एपी क्रेडिट देणं गेल्या दशकातच बंद केलं. तिथे स्कोअरचा उपयोग फार तर वरच्या वर्गात बसण्यापुरता. त्यामुळे कॅल्क्युलेटर उघडण्याआधी आपल्या कॉलेजच्या वेबसाइटवरचा एपी क्रेडिटचा तक्ता उघडलेला बरा. 4 आणि 5 ला तिथे सारखंच क्रेडिट असेल, तर 66 की 68 ही रात्रभराची चिंता तिथेच संपते.