पसंतीक्रम कोणाचा?

बारावीचा निकाल लागला की वृत्तपत्रांतील एक मथळा ठरलेला असतो: यंदाही मुलींचीच बाजी. तो खोटा नसतो. २०२५ च्या परीक्षेत राज्यातील ९४.५८ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या; मुलांचे प्रमाण ८९.५१ टक्के होते. परंतु या मथळ्याने समाधान पावणाऱ्या समाजाने पुढच्या महिना-दीड महिन्यात याच मुलींच्या बाबतीत काय घडते, याकडेही थोडे लक्ष द्यावयास हवे. प्रवेश अर्जात ‘पसंतीक्रम’ नावाचा भाग असतो. अर्ज मुलीच्या नावाचा, गुण मुलीचे, सही मुलीची; पसंती मात्र बहुधा वडिलांची, थोरल्या भावाची, फार तर शेजारच्या एखाद्या इंजिनियर झालेल्या मुलाची. तालुक्याच्या गावातील कोणत्याही नेट कॅफेत त्या दिवसांत तासभर बसावे. मुलगी बाजूच्या स्टुलावर बसलेली असते आणि संगणकावरचा पोरगा तिच्या वडिलांना विचारीत असतो, ‘‘काका, पुढचं कोणतं टाकू?’’

ही यादी तयार होते ती दोन मापांनी. पहिले माप गेल्या वर्षीच्या कट-ऑफचे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला या मापाविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार असावा. कट-ऑफ म्हणजे त्या महाविद्यालयात शेवटी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याचे गुण. जागा ठरलेल्या आणि मागणी वाढती असली की हा आकडा चढतो. बाजारात एखाद्या वस्तूचा भाव चढावा तसा. त्यावरून गर्दी किती होती हे कळते, आत शिकवले काय जाते हे कळत नाही. शिवाय गर्दी होते ती कट-ऑफ उंच म्हणून, आणि कट-ऑफ उंच राहतो तो गर्दी होते म्हणून. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली असे दाखवून दिले होते की, शिक्षणाने माणसाच्या कर्तबगारीत काहीही भर पडली नाही, तरी केवळ नोकरी देणाऱ्याला खूण पटविण्यासाठी लोक पदवीवर खर्च करीत राहू शकतात. आपल्याकडे ही खूण पदवीवरून महाविद्यालयाच्या नावावर सरकली आहे. नावाला किंमत नाही असे आम्ही म्हणणार नाही. मुलाखतीच्या टेबलावर ती असते. पण ज्या मुलीला तीन-चार वर्षे रोज त्या वर्गात बसावयाचे आहे, तिला केवळ खुणेवर दिवस काढता येत नाहीत.

याच मापाच्या धाकाने पसंतीक्रमही उलटासुलटा भरला जातो. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र यांसारख्या अभ्यासक्रमांचे प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून होतात. तेथे गुणवत्ता यादीतील क्रमाने एकेका विद्यार्थ्याची पाळी येते आणि त्याच्या यादीत वरून खाली येत जी पहिली शिल्लक जागा सापडेल ती त्याला दिली जाते. म्हणजे मनातले महाविद्यालय आवाक्याबाहेरचे वाटले तरी ते वर लिहिल्याने खालच्या जागेची संधी कमी होत नाही. उलट, ‘मिळण्यासारखे आहे’ म्हणून नावडते महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकले आणि पहिल्या फेरीत तेच मिळाले, तर ती जागा पक्की समजली जाते व पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपले या दोघांनी १९६२ साली महाविद्यालयीन प्रवेशाच्या प्रश्नावरच एक छोटा निबंध लिहिला. त्यातून पुढे वाढलेल्या शास्त्राने विद्यार्थ्याने खरी पसंती खऱ्या क्रमाने लिहिण्यातच त्याचे हित असेल अशा पद्धती रचता येतात, हे सिद्ध केले. शास्त्र एवढे पुढे गेले. अर्ज भरणारे वडील मात्र अजून ‘चान्स’ पाहून क्रम लावतात.

दुसरे माप अंतराचे, आणि ते केवळ मुलींना लावले जाते. एकाच घरातील मुलगा साठ टक्क्यांवर पुण्यास खोली करून राहतो आणि त्याची बहीण पंच्याऐंशी टक्क्यांवर एसटीच्या एका टप्प्यात असलेल्या महाविद्यालयात, तेथे शिकवला जाणारा विषय घेते. तिचा विषय कोणता असावयास हवा होता, हे कोणी विचारीत नाही. आई-बापांची काळजी खोटी आहे असे नाही. गिरिजा बोरकर या अर्थशास्त्रज्ञ महिलेने दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या निवडीचा अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की, येण्याजाण्याची वाट अधिक सुरक्षित वाटावी म्हणून मुली कमी दर्जाचे महाविद्यालय स्वीकारतात, आणि सुरक्षित प्रवासासाठी मुलांपेक्षा अधिक पैसा व वेळ खर्चण्यास तयार असतात. राजधानीत ही स्थिती, मग संध्याकाळी साडेसहाची गाडी चुकली तर फाट्यावर उभे राहावे लागणाऱ्या मुलीची काय कथा!

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही असे कोणी म्हणू नये. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. निर्णय चांगला आहे. परंतु शुल्क हा खर्चाचा एक भाग झाला. खोलीचे भाडे, खानावळ, प्रवास हे सारे त्यापलीकडचे, आणि मुलीला दूर पाठवावयाचे की नाही याचा निकाल त्यावरच लागतो. एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतील मोफत पास मुलीला बारावीपर्यंत साथ देतो. म्हणजे नेमका जेथे निवडीचा प्रश्न सुरू होतो तेथे तो संपतो. पुढे सवलत आहे, पण सवलतीच्या दरातही गाडी वेळेवर असावी लागते. वसतिगृह निर्वाह भत्त्याची पंजाबराव देशमुख योजना, अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना यांची माहिती किती पालकांना असते? आमच्या महाविद्यालयात द्वितीय वर्षाला आलेल्या मुली विचारतात, ‘‘सर, हे आम्हाला आधी कोणीच कसं सांगितलं नाही?’’

मग मुलीला मानवेल असे महाविद्यालय शोधावयाचे कसे? आमच्या घरीही बारावीची मुलगी होती, म्हणून हा प्रश्न आमच्यापुढे केवळ वैचारिक नव्हता. आम्ही एवढेच केले की निकालाची वाट न पाहता जानेवारीत, वर्ग चालू असताना, तिला बरोबर घेऊन दोन महाविद्यालये पाहिली. महाविद्यालय पाहावयाचे ते प्रवेशाच्या दिवसांत नव्हे. तेव्हा तेथे फक्त मांडव आणि माहितीपत्रके असतात. तिला रसायनशास्त्राची ओढ. पहिल्या संस्थेची कमान भव्य, नॅकची श्रेणी सोनेरी अक्षरांत. विभागात चौकशी केली तर कायम प्राध्यापक दोन, बाकी सारे तासिका तत्त्वावरचे. वाचनालय रात्री दहापर्यंत उघडे आणि मुलींच्या वसतिगृहाचे फाटक सातला बंद; मुलांच्या वसतिगृहाला वेळेचे बंधन नाही. दुसऱ्या महाविद्यालयाची इमारत जुनी, सायकल स्टँडवर पत्रा, परंतु दुपारी प्रयोगशाळेत प्रत्येक मुलीच्या हाती स्वतःची ब्युरेट होती. आमच्या कन्येने तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीला गाठून विचारले, ‘‘ताई, प्रॅक्टिकल खरंच होतं का?’’ ती म्हणाली, ‘‘होतं गं. केलं नाही तर मॅडम जर्नलवर सही करत नाहीत.’’ या एका वाक्याने जे कळले ते कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नव्हते.

घरी आल्यावर खर्चाचा कागद तिच्यापुढे ठेवला: खोली, डबा, महिन्याच्या दोन फेऱ्या, पुस्तके. सतरा वर्षांच्या मुलीला घरातील पैशाचा हिशेब दाखवू नये, असा आपल्याकडे एक विचित्र संकेत आहे. हिशेब ठाऊक नसलेली पसंती ही नुसती हौस ठरते हे खरे. पण तो ठाऊक होऊच द्यावयाचा नाही आणि वर तिला व्यवहार कळत नाही म्हणावयाचे, हा कोणता न्याय? कागद पाहून तिने स्वतःच खोलीऐवजी वसतिगृहाचा पर्याय काढला आणि दुसरे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले.

आम्ही अध्यापक आहोत, म्हणून विभागात जाऊन कायम प्राध्यापक किती हे विचारू शकलो. रोजंदारीवरचा बाप किंवा कार्यालयातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेला कारकून हे विचारू शकत नाही. त्याला फाटकावरचा शिपाईच परत पाठवील. तेव्हा हे सांगण्याचे बंधन महाविद्यालयांवरच असावयास हवे. प्रत्येक विषयाची मंजूर पदे किती व भरलेली किती. नव्या शैक्षणिक धोरणानुसार माहितीपत्रकात जे मेजर आणि मायनर विषय छापले आहेत त्यांपैकी गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती चालले आणि किती विद्यार्थिसंख्येअभावी बंद राहिले. चौथे वर्ष येथे आहे की त्यासाठी दुसरीकडे जावे लागेल. मुलींच्या वसतिगृहात जागा किती आणि फाटकाची वेळ काय, एवढी माहिती एका पानावर मावते. ते पान प्रवेश अर्जासोबत दिल्याशिवाय शुल्क घेता येणार नाही, असा नियम करण्यास विद्यापीठांना फारसे कष्ट पडू नयेत. आणि एसटीच्या आगारांनी जूनमध्ये वेळापत्रक लावताना त्या मार्गावरील महाविद्यालयांच्या शेवटच्या प्रॅक्टिकलची वेळ एकदा विचारून घ्यावी. साडेसहाची गाडी साडेसातला सोडली, तर काही मुलींच्या पसंतीक्रमात आणखी एक-दोन नावांची भर पडू शकेल.